ड्रमातल्या जिवांचा वारस

हे खरं तर पोळ्यालाच लिहायचं होतं. कागद आणला तर पेन नव्हतं. पेन मिळालं तर दोस्त बद्रीनाथ म्हणाला, चल, गोदावरी भरून आलीय, बघून येऊ. त्यात दोन दिवस गेले. आता सोमवारी ऑपरेशन, म्हणून आज बसलोच.

मी सांडू आप्पा शिंगाडे, वय सव्वीस, धंदा कायम नाही, राहणार सध्या मंजुळाआत्याच्या शेतातली खोली, तालुका गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर असताना व पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मंजुळाआत्याचा आहे, पण तो लहानपणापासूनचा असल्यानं धरू नये. ऑपरेशन हर्नियाचं आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ. आत्या म्हणाली, "किरकोळ असू दे, तू लिहून ठेव. तुझं काय कुठं पडलंय ते तुलाच माहीत नसतंय."

कलम १. घर नाही, जमीन नाही. वडील मेंढरं घेऊन फिरले, मी मेंढरांशिवाय फिरलो, एवढाच फरक. त्यामुळं स्थावर काही नाही, जे आहे ते जंगम.

कलम २. फर्दापूरला अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांना मी रंगीत दगड विकायचो. उरलेली पिशवी आत्याच्या कणगीमागं आहे, ती माझा दोस्त बद्रीनाथ साबळे याच्या लेकीला द्यावी. त्यातला जांभळा अस्सल आहे. बाकीच्यांचं मी कधी विचारलं नाही. छत्री ज्याला सापडेल त्याची. अजिंठ्याच्या घाटात एकदा ती उलटी झाली होती आणि मागून येणाऱ्या जीपवाल्यानं... ते असो, कागद कमी आहे.

कलम ३. ड्रम. हर्निया हा ड्रम उचलतानाच झाला, तरी माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही. संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यात एका खत-औषधाच्या दुकानात मी पोती उतरवायला होतो. सगळं दुकान मारायच्या औषधांनी भरलेलं, त्यात एका बाटलीवर लिहिलेलं की आत जिवंत जिवाणू आहेत, सावलीत ठेवा. मला राहवलं नाही. पगारातून ती घेतली, इथं आलो आणि तेच जिवाणू ड्रमात वाढवायला लागलो. हे जिवाणू मुळांभोवती वस्ती करतात. कंद कुजवणाऱ्या बुरशीला जागा देत नाहीत, खाणं पुरू देत नाहीत, वर मुळीला वाढायला हातभार लावतात. रानात मेंढरं बसवल्यासारखंच आहे, फक्त ही मेंढरं दिसत नाहीत.

त्यांना गुळाचं पाणी लागतं, विहिरीचं. सकाळ-संध्याकाळ काठीनं हलवायचं, तोंडाला फडकं बांधायचं, ऊन लागू द्यायचं नाही, आणि संपवताना थोडं विरजणासारखं मागं ठेवायचं. एवढं करणारा वारस मला मिळेना. आत्या करील, पण मागं एकदा वास येतोय म्हणून तिनं बादलीभर चुलीवर उकळून ठेवलं होतं, नासू नये म्हणून. बद्रीनाथ पहिले दोन दिवस करील. म्हणून वारसाची जागा सोडली आहे.

हे नुसतं ड्रमापुरतं नाही. आत्यानं यंदा कापूस सोडून सगळ्या रानात अद्रक लावली, ती माझ्या शब्दावर. मुळाशी ओतायची पुढची पाळी तोंडावर आहे आणि ऑपरेशननंतर मला तांब्यासुद्धा उचलायचा नाही. ती अद्रक सडली तर मला मरायला ऑपरेशनची गरज लागणार नाही.

कलम ४. वरच्या बांधाचे कारभारी काका गव्हाणे. त्यांचीही अद्रकच. मागच्या साली माझ्याकडून कॅनभर जिवाणू नेले आणि तांब्याचं बुरशीनाशक मारलेल्या पंपात न धुता ओतले. सगळे मेले. मग चहाच्या टपरीवर, "आप्पाच्या पोरानं मला ताक पाजलं!"

मी म्हणालो, "तुम्हाला नाय काका, अद्रकीला पाजलं. तिनं तक्रार केली का?"

लोक हसले, तेव्हापासून अबोला आहे. अडचण अशी की पावसाचं पाणी त्यांच्या रानातून आत्याच्या रानात उतरतं. त्यांची सड पाण्याबरोबर आमच्या खालच्या वाफ्यांत येते, मी कितीही ओतलं तरी. तरी कारभारी काकांना पंप घासायचा नवा ब्रश देतो, आणि माझा राग, शिल्लक असेल तेवढा.

साक्षीला बद्रीनाथनं सही केली आहे. दुसरा कोण, यावर आमचं चाललं असतानाच कारभारी काका बांध उतरून इथं आले आहेत. पाठीला पंप.

"तुझ्या आत्याची वरच्या अंगाची हिरवीगार हाय," ते म्हणाले. "माझी पिवळी पडायली."

त्यांनी पंप उतरवून माझ्यापुढं ठेवला.

"पंप तीन पाण्यानं धुतलाय. वास घेऊन बघ, पायजे तर. कुठंय तुझं ताक?"

मी वास घेतला. नुसत्या पाण्याचा आला. आत्या आतून ओरडली, "काकांना बसू दे आधी, मंग हुंगत बस!"

बद्रीनाथनं लगेच पेन पुढं केलं. "काका, आलातच तर साक्षीला सही ठोका."

काकांनी पेन घेतलं. मी म्हणालो, "ज्याला वाटा मिळतो त्यानं साक्ष देऊ नये म्हणतात, काका. ब्रश लिहिलाय तुमच्या नावावर."

"ब्रश ठेव तुला."

"आणि ड्रमाची जागा मोकळी हाय. मी दवाखान्यात जाणार. सकाळ-संध्याकाळ हलवावं लागतं, आणि आत्याच्या रानात पण ओतावं लागंल."

काकांनी कलम तीनवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग पेन माझ्या कागदावर ठेवलं आणि फडकं सोडायला गेले.

कलम तीनमध्ये जागा अपुरी असल्यानं वारसाचं नाव इथं लिहितो : कारभारी गव्हाणे. मी जिवंत परत आलो तरी हे कलम लागू राहील.

स्थळ : मंजुळाआत्याची खोली, ता. गंगापूर
दिनांक : १४ सप्टेंबर २०२४, शनिवार
सही : सांडू आप्पा शिंगाडे
साक्षीदार १ : बद्रीनाथ साबळे
साक्षीदार २ : अजून पाहिजे. आलेला माणूस ड्रम हलवतोय.