दादा काय म्हणाला होता

३ मार्च, मंगळवार

दादा 'उजवा कोपरा' म्हणाला होता. उजवा! गेल्या आठवड्यात, सातव्या मजल्यावर, सकाळी, हातात चहाचा कागदी कप धरून. मी विचारलंसुद्धा— दादा, हा समोरच्या बाजूचा फ्लॅट, इथे नकाशा उलटा धरायला नको का? तर म्हणाला, "कितवी शिकलास?" म्हटलं, सहावी. "मग?" सिमेंटचा माल कालवणारे दोघं खो खो हसले.

सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड बोळा घालून मालाखाली झाकलेलं असतं. नकाशा बघून कोपरा धरायचा, त्या कोपऱ्याकडे उतार द्यायचा, वर फरशी बसवायची. मी उजव्या कोपऱ्याकडे उतार दिला. चार बाथरूम.

आज इंजिनियर मॅडमनी बादली ओतली. फरशी झाली की त्या ओततातच. पाणी गुमान उजवीकडे जाऊन थांबलं. पाना— प्लंबर आमचा, त्याला सगळे पानाच म्हणतात— तिथे खोदायला बसला. खाली पाइपच नाही! पाइप डावीकडे.

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे छोट्या, घसा फोडून डावा सांगितला होता ना तुला! जाऊ दे मॅडम, लहान आहे. चूक माझी. मी लक्ष ठेवायला हवं होतं."

मॅडमना वाटलं असेल, काय मोठ्या मनाचा माणूस. आणि मी? मी म्हटलं, "चुकलं दादा." माझ्याच तोंडाने!

आता मलाच वाटायला लागलंय की तो डावाच म्हणाला असेल. म्हणून ही वही. तो जे म्हणेल ते त्याच दिवशी लिहायचं. बाकी काही नाही.

४ मार्च, बुधवार

दिवसभर छिन्नी. माझीच फरशी मीच फोडतोय. दादा बोलत नाही.

६ मार्च, शुक्रवार

अबोल्याचा तिसरा दिवस. एका खोलीत राहतो आम्ही, खाटेला खाट लागून, आणि तो पानाला म्हणतो, "त्याला सांग, बादली उचल." मी समोर उभा!

काय केलं मी, ते तरी सांगावं ना माणसाने. मी विचारलं तर म्हणाला, "तुला कळत नसेल तर सांगून काय उपयोग." मग मी आठवत बसतो. परवा त्याच्या आधी जेवलो ते? की मॅडमनी काम सांगितल्यावर त्याला न विचारता 'हो' म्हणालो ते?

खरं तर दादानेच मला हे काम शिकवलं. रबरी हातोडा कसा धरायचा, फरशी ठोकून पोकळ आवाज कसा ओळखायचा, सगळं. वॉचमन, दुकानदार, मॅडम, सगळ्यांना दादा आवडतो. मलाही आवडतो. तीच तर पंचाईत आहे.

८ मार्च, रविवार

घरी फोन. दादा स्पीकर लावतो, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. आईला बाथरूमची गोष्ट सांगितली त्याने. रंगवून. आता त्यात मी नकाशा फाडला होता! खोली हसून लोळली. आई म्हणाली, "दादाचं ऐकत जा रे बाबा. तो आहे म्हणून तू आहेस."

मग वहिनीला बोलावलं. वहिनी फक्त हं म्हणते. दादा म्हणाला, "बघ, माझी आठवण येते म्हणून बोलवेना तिला."

मला आईशी एकट्याने बोलायचं होतं. दादा म्हणाला, "माझ्यासमोर बोलता येत नाही असं काय आहे तुझ्यापाशी?"

१० मार्च, मंगळवार

बूट आणले त्याने मला. लोखंडी टोकाचे, चांगले. स्वतः लेस बांधून दिली. "तुझ्याशिवाय कोण आहे रे मला." माझे डोळे भरून आले. असंच कायम राहील असं वाटलं.

जेवायच्या वेळेपर्यंत अख्ख्या साइटला बूट माहीत झाले होते. लिफ्टवाला म्हणाला, "भाऊ असावा तर असा."

१३ मार्च, शुक्रवार

खालच्या लॉबीत मधोमध काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचं फूल बसवलंय मी. चार दिवस कापत होतो. एक टवका उडाला नाही! मॅडम वाकून वाकून बघत होत्या. "हे कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत पाना ओरडला, "या छोट्याने!" मॅडमनी माझा हात हातात घेतला, सिमेंटचा होता तरी.

दहा मिनिटांत दादाच्या छातीत दुखायला लागलं. आडवाच झाला, तिथेच, फुलाच्या शेजारी. धावाधाव. डॉक्टर म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. खोलीवर येऊन दोन ताटं जेवला. तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, "लोकांना तुझं फूल दिसलं. माझा जीव जात होता, तो तुला दिसला नाही."

पाना बाहेर म्हणाला, "तुझ्या भावाचं लग्न आरशाशी लावायला हवं होतं. सुखात राहिला असता." मी हसलो. मग घाबरलो, त्याने ऐकलं असेल म्हणून. हसायला घाबरायचं! कधीपासून चाललंय हे?

१५ मार्च, रविवार

पानाचा सासरा असाच होता म्हणे. पाना म्हणाला, "वाद घालायला गेलास की तू त्याच्या मैदानात. खुलासा करू नकोस. रडू नकोस. बरं, ठीक, बघतो— एवढंच बोलायचं. भिंत हो भिंत."

१६ मार्च, सोमवार

दादा : "कटर कुठे ठेवला होतास, अक्कल गहाण ठेवलीस का?"
मी : "बघतो."
दादा : "तोंड वर करून बोलतोस?"
मी : "बरं."
तो माझ्याकडे बघतच राहिला.  जमलं! संध्याकाळी म्हणाला, "शनिवारपर्यंत पाचवा मजला तू एकट्याने कर."

१८ मार्च, बुधवार

नाही जमलं. भिंत झालो तर तो इतरांना सांगतो, "छोट्याचं काहीतरी बिनसलंय. मी आपला काळजीत." आता सगळे मला विचारतात, बरा आहेस ना. दहा जणांनी विचारल्यावर वाटतं, नसेन बरा.

वही काढली आणि बघितली. सोमवारी म्हणाला होता, शनिवारपर्यंत पाचवा मजला तू एकट्याने कर. आज म्हणाला, "एकट्याने कर असं कोण म्हणालं तुला?" वहीत होतं. माझ्या अक्षरात. म्हणजे मी वेडा नाही. पण मग दादा... पुढे लिहवत नाही.

२० मार्च, शुक्रवार

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. कंपनीची दुसरी साइट आहे, बसने पाच तास. तिथे फरशीचा मिस्त्री हवाय. मिस्त्री! मी! म्हटलं, दादाला विचारतो. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारतेय." मला आजवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. अठ्ठावीस तारखेपर्यंत कळवायचंय.

२१ मार्च, शनिवार

दादाला सांगितलं. आधी हसला. मग रडला. खरे अश्रू, नाक लाल. म्हणाला, "बाबा गेल्यावर तुला कुणी वाढवलं?" मग हळू आवाजात म्हणाला, "जा. पण तिकडे बादलीचं पाणी उलटं वाहिलं की चूक माझी म्हणणारा कुणी नसेल."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण खरंच, तिथे चुकलो तर? 'डावा' हा शब्दसुद्धा मला कुणी म्हणून दाखवल्याशिवाय खात्रीने लिहिता येत नाही आता.

२२ मार्च, रविवार

आईचा फोन, रडत. "हे काय ऐकतेय मी? दारू?" मी कधी थेंबाला शिवलो नाही! दादा शेजारी मान खाली घालून बसला होता, जणू त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी म्हटलं, आई, खोटं आहे. आई म्हणाली, "पिणारे असंच म्हणतात."

आता काय बोलू? 'नाही' म्हटलं तरी तेच, गप्प बसलो तरी तेच.

२४ मार्च, मंगळवार

काही नाही. एकही फरशी सरळ बसली नाही.

२५ मार्च, बुधवार

पहाटे जाग आली की पहिला विचार— आज त्याचा मूड कसा असेल. डोळे मिटूनच त्याच्या पावलांचा अंदाज घेतो. हवामान बघतात तसं. एकविसाव्या वर्षी माझं एवढंच काम उरलंय.

सकाळी दाढी करताना आरशात बघितलं, तर वाटलं की हा कोण माणूस, याचं कुणी काय ऐकावं? मॅडमना माझ्यात काय दिसलं कोण जाणे. चुकूनच म्हणाल्या असतील. उठावंसं वाटत नाही. भूक नाही. पाना ताट पुढे सरकवतो आणि मी बघत बसतो.

मला दादाला हरवायचं नाही. त्याने माफी मागावी असंही नाही. फक्त एका माणसाने म्हणावं, तू खरं बोलतोस. पाना म्हणतो, पण पाना परका. आईने म्हणायला हवं. एकदा म्हणाली तर मी बसमध्ये बसेन. नाही म्हणाली, तर या खोलीत राहून मी हळूहळू तोच होईन, दादा सांगतो तो— मूर्ख, बेवडा, डोक्याने अधू.

२६ मार्च, गुरुवार

उद्या दादा दुपारी सामान आणायला जाणार. पाना स्वतःचा फोन देतो म्हणाला. काय बोलायचं ते पाठ करतोय. बाथरूम, अबोला, छातीतलं दुखणं, दारू. मधे रडायचं नाही. बॅग भरून पानाच्या खाटेखाली ढकलली आहे. दोन शर्ट, माझा हातोडा.

२७ मार्च, शुक्रवार

सगळं सांगितलं. आईने मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "खरं बोलतोस तू. मला पहिल्यापासून ठाऊक आहे रे. दारूचंही खोटंच, तो ऐकत होता म्हणून तसं बोलले. तुझ्या वहिनीला विचार, तिच्याशी इथे काय काय वागला. तू बरोबर असलास की तो तिकडे रमतो, म्हणून तर तुला पाठवलं. दोन वर्षं झाली, वहिनी तुझी पोटभर जेवते, झोपते. तू निघालास तर तो इथे येईल."

वहिनी तिथेच होती. फोन घेतला तिने. काही बोलली नाही, हं पण नाही.

मॅडमना नाही म्हणून कळवलं.