सहाव्या रिळाचा वारा

इस्फंदार ५, फसली १३५३. मुक्काम गंगाखेड.
आजपासून रोजनिशी, निजाम सरकारच्या तारखांनी. मोठी माणसं लिहितात. चौथीत शाळा सोडली म्हणून काय झालं.
व्यंकटराव मालकांचा तंबू-सिनेमा गावोगाव फिरतो. त्याच्या खुंट्या आणि दोर माझ्याकडं. वालूरला आईला मॅनेजर म्हणून कळवलंय. म्हंजे जवळपास तेच.
नवा खेळ खुनाचा. हिंदुस्थानी बोली. बंगला, रायसाहेब, त्यांची दाई, आवारात विहीर. मला काही भीती वाटली न्हाई. नावच मुंजाजी, भुतांनीच मला भ्यावं. सहाव्या रिळाला विहिरीतून एक हात वर येतो. नेमका तेव्हाच वारा सुटला, म्हणून खुंट्या बघायला बाहेर गेलो. सातवं लागल्यावर आत आलो.

इस्फंदार ७, सकाळ.
झोप नाही. मी रिळांच्या डब्यांशेजारी झोपतो. त्यातल्या एका डब्यात तो हात हाय. आजपासून बैलांपाशी झोपणार. मुक्या जनावराला सोबत लागते.
काल परत सहाव्याला वारा.
खेळात चुका लय. पाचव्या रिळात दाई मरते, सातव्यात तीच रायसाहेबाला चहा देते. खोलीला आतून कडी, मग दिवा कुणी विझवला? एवढं सगळं होऊन कुत्रं भुंकत का नाही? बनवणारा नादान असणार. मशीन चालवणाऱ्या वैजीनाथला हे ऐकवलं. तो म्हणाला, एकदा सहावं रीळ बघ की राजा. मी म्हणालो, वारा पडू दे.

इस्फंदार ८.
पडद्याशेजारी काठी घेऊन लोकांना मराठीत खेळ समजावणाऱ्या दिनकररावांचा घसा बसला. मालक म्हणाले, मुंजाजी, तू रोज बघतोस, उद्यापासून काठी तुझी. जमलं तर कायमची.
आणि आजच आईचा निरोप. पालमच्या आप्पारावांच्या दैवशालेशी माझं जुळायलंय. आप्पाराव परवा मॅनेजर जावई बघायला येणार. देव द्यायला लागला की दोन्ही हातांनी देतो.
हात हा शब्द लिहायला नको होता.
ठराव: सहाव्याला तंबू सोडायचा न्हाई.

इस्फंदार १०, सकाळ.
काल ठराव पाळला. सहाव्याला पडद्याकडं पाठ केली, म्हंजे लोकांना आपला चेहरा दिसतो. डोळे मिटले, म्हंजे आवाज मोकळा होतो.
बायकांच्या बाजूला दगडाबाई म्हणून एक फुटाणेवाली रोज बसते. ती ओरडली, काय रं, मेलेली बाई चहा कशी करती? मी म्हणालो, जुळी बहीण. दिवा? वाऱ्यानं. कुत्रं? मुकं. ती म्हणाली, लेकरा, डोळे उघडून सांग की. सगळा तंबू हसला. मालक डोकं धरून बसले. खूश असावेत.
पहाटे बैलांपाशी ओली पावलं उमटलेली. वैजीनाथला हाका मारल्या. वैजीनाथ म्हणाला, तुजीच हायेत, आताच तोंड धुऊन आलास. असतीलही.
आज आप्पाराव. ठराव: डोळे उघडे.

इस्फंदार ११, सकाळ.
काल आप्पाराव खुर्चीत. मोठा पटका, झुपकेदार मिशा. वाघ माणूस. पाच रिळं मी छान सांगितली. सहावं लागलं. डोळे उघडेच ठेवले. हात वर आला. मग हाताच्या मागून डोकं वर यायला लागलं. त्याच घडीला मला वाऱ्याचा अंदाज आला. काठी तिथंच पडली.
बाहेर कनातीमागं, माझ्याच खुंटीपाशी, कुणीतरी उकिडवं बसलेलं. पाय ओले. मी बोंबललो. तेही बोंबललं.
आप्पाराव होते. म्हणाले, दाई मेली तवाच उठलो, गाडीच्या बैलांना नदीवर पाणी दाखवून आलोय. मी म्हणालो, मी खुंट्या बघायलोय. मग दोघंही एकच खुंटी धरून बसलो.
आत काठी दगडाबाईनं उचलली होती. कनातीतून तिचं सगळं ऐकू येत होतं. दाई मेलीच नव्हती. मेल्याचं सोंग घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर लपलेली, तो हात तिचाच. तिथून खोलीत चोरवाट. दिवा तिनंच विझवला. आणि कुत्र्याला रोज भाकर घालणारी तीच, ते कशाला भुंकंल? सगळं सहाव्यातच होतं.
आप्पारावांना धीर आलेला दिसला, म्हणून लग्नाचं विचारलं. खुंटी न सोडता ते म्हणाले, बाबा, माझ्या पोरीनं घरात जन्मभर एक भित्रा बघितलाय. दुसरा तिच्या गळ्यात कसा बांधू?
मग म्हणाले, सहावं संपलं का बघून ये. मी म्हणालो, तुमी वडीलधारे, तुमी आधी.
कुणीच उठलं न्हाई.

इस्फंदार १२, संध्याकाळ.
मालकांनी काठी दगडाबाईला दिली. मीच सोडली म्हणायला हरकत नाही. तंबूला माझी गरज जास्त.
आज झाडाचं पानसुद्धा हलेना. पण सहाव्यापर्यंत सुटंल.