लाल नेलपॉलिशचा ठिपका

बाबा, इब्रीच्या एका दुकानदाराला गोदाम रिकामं करायचं होतं. नाणं टाकून खेळायचं एक जुनं, कपाटाएवढं गेमचं मशीन तो फुकट देत होता, ते मी पिकअपमध्ये घालून घरी आणलं. नवं सामान मागवणं परवडणारं नव्हतं. वाळवीने खाल्लेला तळ मी पॅकिंगच्या खोक्याच्या प्लायवूडने बदलला, गेलेल्या पिक्चर ट्यूबच्या जागी ऑफिसने टाकून दिलेला मॉनिटर बसवला, बटणं दुसऱ्या एका भंगार मशीनची काढली. महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मांडी घालून बसते आहे.

तुम्ही रुवी भागातल्या गेम हॉलमध्ये मेकॅनिक होतात. शाळेला सुट्टी लागली की वादी अदाईतल्या आपल्या घरून मला बरोबर न्यायचात. एकदा जॉयस्टिकच्या दोन वायरी मी उलट जोडल्या आणि डावीकडे वळवलेली गाडी उजवीकडे जायला लागली. गिऱ्हाइकं हसली. तुम्ही मला हॉलच्या अरब मालकासमोर, अर्बाबसमोर, उभं केलंत आणि म्हणालात, "हिच्याकडे काही देऊ नका. नुसते हात आहेत, डोकं नाही." अर्बाबने दया येऊन मला ज्यूसचा डबा दिला. तोही तुम्ही परत करायला लावलात.

मग बऱ्याच वर्षांनी तुम्हाला लकवा झाला, उजवा हात गेला. एका शुक्रवारी तुमचे हॉलमधले दोन सोबती भेटायला आलेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही डाव्या हाताने त्यांना रेडिओ दुरुस्त करून दाखवताय, सोल्डरिंग आयर्न थरथरतंय. मी ते तुमच्या हातातून काढून घेते. "राहू द्या, बाबा. नुसतं डोकं आहे, हात नाहीत." सोबती चहाच्या कपात बघत राहतात. तुम्ही अर्ध्या तोंडाने हसता. ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि बोलल्यावर मला बरं वाटलं. त्यानंतर तुम्ही कुठल्याच वस्तूला हात लावला नाहीत. चार महिन्यांत गेलात.

काल मशीनच्या पॉवर सप्लायचा डबा उघडला, तर आतल्या वायरीच्या एका सोल्डर केलेल्या जोडावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. आईची बाटली खिशात ठेवून आपल्या प्रत्येक जोडावर असा ठिपका देणारे तुम्हीच. हॉल बंद झाल्यावर मशीन इब्रीला गेलं असणार. नवरा म्हणाला, "बाबांचं काम आहे. राहू दे ना." मी त्याला सांगितलं, जोड ढिला झालाय, आग लागेल. पकडीने तो उपटून काढला आणि तिथे माझा टाका मारला. मशीन चालू झालं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. जोड ढिला नव्हता, बाबा. तो निघेपर्यंत माझं मनगट दुखून आलं.