दोन माणसांचा तंबू आणि दाजींची ताडपत्री

इंदिरानगर, नाशिक
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. सौ. मैनाताईंना हर्षालीचा वाकून नमस्कार. (हे लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेले चार दिवस मी खरोखरच वाकलेली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) दाजींचा गुडघा आता कसा आहे? उन्हाळ कांद्याची लागण उरकली का? चांदवडला थंडी आमच्याहून जास्त असणार, तेव्हा पहाटे मळ्यात जाताना त्यांना कानटोपी घालायला लावा. घालणार नाहीत, हे मला माहीत आहे. इकडे सगळे बरे आहेत. आईंची तब्येत तर उत्तम आहे. इतकी उत्तम, की हे पत्र त्याबद्दलच आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटलं असेल. तुमच्या घरी फोन वाजला की जो जवळ असेल तो उचलतो आणि स्पीकरवर टाकतो. आमच्या घरी मी फोनवर नुसतं 'ताई' म्हटलं तरी आई "मैना हाय का? दे इकडं" म्हणून हात पुढे करतात. तुम्ही त्यांची लेक, त्यामुळे मी काही बोलूही शकत नाही. फॅमिली ग्रुपवर तर काही लिहायची सोयच राहिलेली नाही. मागे एकदा मी तिथे 'डोकं दुखतंय' एवढंच लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या चिमणाबाई मावशींनी वणीहून अंगारा पाठवला होता. पत्र मात्र ज्याचं त्यानेच वाचायचं असतं, असा अजून तरी समज आहे. म्हणून विनंती, की हे दाजींना वाचून दाखवू नका. निदान ताडपत्रीचा भाग तरी गाळा.

तर या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. आमचा रोहित पुण्याहून म्हणाला, हॉल घेऊ. किशोर म्हणाला (तुमच्यासमोर मी 'हे' म्हणते, पण पत्रात नाव लिहिलेलं बरं, नाहीतर कोण काय म्हणालं तेच कळत नाही), घरीच श्रीखंड-पुरी करू. मी म्हणाले, आपण दोघंच कुठेतरी एक रात्र जाऊ या. त्यावर तुमच्या बंधूंनी विचारलं, दोघंच म्हणजे कोण कोण? हसू नका. तुम्ही आमची लग्नानंतरची पहिली सहल आठवा. नव्या जोडप्याने आधी देवीचं दर्शन घ्यायचं म्हणून आपण वणीच्या गडावर गेलो, ते एका जीपमध्ये अख्खं घर कोंबून. रात्री भक्तनिवासात बायका एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या. म्हणजे माझा मधुचंद्र मी तुमच्या शेजारी झोपून काढला. (ताई, राग मानू नका, पण तुम्ही घोरता.) पुढे हा फ्लॅट घेतला, झोपायला वेगळी खोली मिळाली, तर घराचा ईशान्य कोपरा नेमका तिच्यातच निघाला. ईशान्येला देवघर हवंच. आई पहाटे पूजेला येणार, म्हणून दाराला कडी लावायची नाही. कडी आहे. बिल्डरने दिलेली, पितळी. अजून कोरी आहे. तर एक रात्र दोघांनीच असावं आणि कोणी दार ढकलून आत येऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

हॉटेलात दारं असतात, हे मी सुचवून पाहिलं. पण किशोरच्या मते हॉटेलचं दार सकाळी परत करावं लागतं, आणि तेवढ्याच पैशात तंबू घेतला तर तो जन्मभर आपला. शिवाय धोडप किल्ल्यावर मुक्काम करायचा, हे त्याच्या मनात कॉलेजपासून आहे. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तंबू सोडून दुसरा विषय नाही. पाठीवर न्यायचा, दोन माणसांचा, स्वस्त आणि मस्त. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याला कळलं, की तंबू जितका हलका तितका महाग. हे काही माझ्या डोक्यात शिरेना. माझ्या माहेरी निफाडला कांदा पिकतो, तिथे वजन वाढलं की पैसे वाढतात, हा हिशेब मला कळतो. इथे जेवढा माल कमी तेवढा भाव जास्त! किशोरने त्यातून मधला मार्ग काढला. तंबू स्वस्तातला घ्यायचा, म्हणजे जड, आणि वजन स्वतःचं कमी करायचं. त्यासाठी तो रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाऊ लागला आणि येताना मिसळ खाऊन येऊ लागला. दोन पाव जास्तीचे, कारण चालल्याने भूक लागते.

मग मिलिमीटर आले. तंबूच्या कापडावर म्हणे आकडा असतो, कुठे पंधराशे मिलिमीटर, कुठे तीन हजार. तुमच्या भावाची आजवरची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात पाऊस मोजण्यात गेली, त्यामुळे मिलिमीटर दिसला की त्याला पाऊसच दिसतो. त्याने निकाल दिला, तीन हजार म्हणजे इगतपुरीचा पाऊस. आपल्याला इगतपुरीला जायचंच नाही, तर तिथल्या पावसाचे पैसे आपण का भरायचे? आपल्या भागात पंधराशेच्या तंबूत दोन पावसाळे आरामात निघतील. रोहितने फोनवरून समजावलं, पप्पा, तो पाऊस नाही, कापड गळायच्या आधी त्याच्यावर किती उंचीचं पाणी उभं राहू शकतं त्याचा तो आकडा आहे. त्यावर किशोर म्हणाला, मग तर दीड मीटर फार झालं, मी काय तुझ्या आईला धरणात झोपवतोय? पोराने फोन ठेवला. असा आमचा आकडा ठरला.

एवढ्यात बातमी ग्रुपवर फुटली आणि सल्ले सुरू झाले. आई म्हणाल्या, "दोघांचा कशाला? चौघांचा घ्या. पाहुणे आले म्हंजे?" तंबूत पाहुणे! किल्ल्यावर! पण ताई, मला क्षणभर तेही पटलं, कारण आपल्याकडे पाहुणे कुठेही येऊ शकतात. दाजींचा सल्ला तर तुम्ही वाचलाच असेल. टेंट-बिंट सगळा फॅशनचा कारभार आहे, आमच्याकडची कांद्यावर टाकायची ताडपत्री न्या, दोन बांबू न्या, वर दगड ठेवा, झालं. खाली त्यांनी ताडपत्रीचा फोटोही टाकला होता. (मी त्यावर हसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं, ते चुकून, असं त्यांना सांगा. चुकून पाठवलं नव्हतं.)

शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या आवेज नावाच्या विक्रेत्याने दुकानाच्या मधोमध तंबू उभा करून दाखवला. किशोर चप्पल काढून आत शिरला. त्याने काढली म्हणून मीही काढली. ते बघून बॅट घ्यायला आलेल्या एका काकांनी त्यांचीही काढली, आणि बघता बघता तंबूपुढे चपलांची ओळ लागली. एक बाई पदर सावरून मला हळूच विचारतात, आत कोण बसलंय? किशोर आतून ओरडला, तू पण आडवी हो, त्याशिवाय माप कळणार नाही. ज्या नवऱ्याचा हात धरून मी पंचवीस वर्षांत कधी रस्ता ओलांडला नाही, त्याच्या शेजारी मी भर दुकानात आडवी झाले. आवेज म्हणाला, "काका, टू पर्सन म्हंजे दोन माणसं झोपली की फुल्ल. सामान आत घेतलं तर दीड." किशोरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सामान बाहेर राहील. तंबू घेतला.

रविवारी तो गच्चीवर उभा केला. इथे आई आल्या. घर नवं असलं की आधी पुजायचं, मग आत जायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी दाराच्या कापडावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, तेलात कालवून. (ते आता जात नाही. मी साबण लावून बघितला.) उंबरा नाही म्हणून जिथे चेन संपते तिथे नारळ फोडला. पाणी तंबूवर उडालं आणि थेंब घरंगळून खाली गेले. किशोरने टाळी वाजवून जाहीर केलं, कापड पास! मग आई म्हणाल्या, "बघू तरी आतून कसं हाय," आणि रांगत आत गेल्या. पाठोपाठ आतून चेन ओढल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे. वाटलं, दोन मिनिटांत येतील. त्या चहाच्या वेळेला आल्या.

दुसऱ्या दिवशी चटई गेली. मग उशी, पोथी, चष्मा आणि शेंगदाण्याचा डबा. आता थंडीत गच्चीवर ऊन छान असतं, आत ऊब राहते, पडद्याला जाळी असल्याने डास नाहीत. सकाळची पूजा झाली की आई तंबूत, त्या दिवेलागणीला खाली. चहा आणि जेवण मी वर नेते. तंबूचं दार कमरेएवढं, म्हणून आत द्यायचं तर वाकून. नमस्काराचं कारण आता कळलं असेल. किशोरला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, तू बोल. आमची पंचवीस वर्षं अशीच गेली आहेत.

शेवटी परवा मीच मनाचा हिय्या करून वर गेले. दुधाचा कप हातात आणि तोंडात वाक्य तयार, की आई, पुढच्या शनिवारी आम्हाला तंबू लागेल. तर आतून हसण्याचा आवाज आला. आई फोनवर चिमणाबाई मावशींशी बोलत होत्या. "आगं चिमणे, आतून लावता येतंय! मी उघडीन तवाच उघडतं. कोन आवाज देत नाय, कोन ओलांडून जात नाय." ताई, खरं सांगते, आधी मला राग आला होता. पण ते ऐकलं आणि एकदम फार वाईट वाटलं. आई इतकी वर्षं हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. डोक्याशी टीव्ही, पायाशी बाथरूमची वाट, येणारा जाणारा त्यांच्या अंगावरून. गावाकडच्या घरात तर त्या स्वयंपाकघरात निजायच्या, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. मी कडी लावता येत नाही म्हणून कुढत बसले, आणि त्यांना कडी लावायला खोलीच कधी मिळाली नाही. कप जाळीपाशी ठेवला आणि खाली आले.

पण वाईट वाटलं म्हणून शनिवार पुढे ढकलता येत नाही. किशोरची रजा मंजूर झाली आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' न लिहिता 'किल्ला' असं लिहिलं आहे. त्याच्या साहेबांनी दोनदा वाचलं म्हणे.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद, दाजींना पुन्हा नमस्कार. कानटोपीचं बघा.

आपली,
हर्षाली

ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या शनिवारी तुम्ही आईंना हुरडा खायला चांदवडला बोलवा. तुम्हाला आपलं आपण सुचलं असं दाखवा, माझं नाव काढू नका. त्या तिकडे दोन दिवस रमल्या की आम्ही स्वस्तिकासकट तंबू उचलतो आणि रविवारी संध्याकाळी होता तिथे आणून उभा करतो. त्यांना कळणारही नाही. पोथीत खूण होती त्याच पानावर ठेवीन.

ता. क. दुसरा (शनिवारी सकाळी. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, ते बरंच झालं). आईंना बोलवू नका. काल दुपारी चिमणाबाई मावशी वणीहून आल्या. हातात पिशवी, पिशवीत गोधडी. 'किती दिवस राहणार' हे आपल्याकडे विचारत नाहीत, पण गोधडी जाडजूड आहे. दोघी बहिणी तंबूत आहेत, चेन आतून लावलेली आहे, आणि आत काय चाललंय कोण जाणे, पण हसून हसून तंबू हलतोय. किशोर धीर करून म्हणाला, आई, तो आमच्यासाठी घेतला होता, दोघांसाठी. आईंनी चेन वीतभर उघडून नुसतं डोकं बाहेर काढलं. "दोन मानसांचाच हाय ना? झालो की आमी दोन." आणि चेन लावली. आम्ही खाली आलो. ताई, तो परत मागायचाच नाही, असं आम्ही ठरवलंय. त्या दोघींना लग्नानंतर एकत्र निजायलासुद्धा मिळालं नव्हतं, असं मावशी रात्री जेवताना म्हणाल्या.

ता. क. तिसरा. धोडपला आम्ही जाणारच आहोत. पुढच्या शनिवारी सकाळी वडाळीभोईला धोडपच्या फाट्यावर आत न वळता आधी तसंच पुढे चांदवडला तुमच्याकडे येऊ. दाजींची ती ताडपत्री झटकून ठेवा, आणि दोन बांबू. त्या हसणाऱ्या चेहऱ्याचं मी स्वतः त्यांच्या पाया पडून बघते. त्यांना आत्ताच एवढंच विचारून ठेवा, की ताडपत्रीला आतून लागणारं दार करता येतं का.