लांब बाह्यांच्या चोळ्या

जैनथजवळची वाडी,
वैशाख शुद्ध सप्तमी, शके १८५८

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, मथुराचा, वाकून नमस्कार. मीनाक्षी वहिनींनाही सांग. आम्ही सगळे धडधाकट आहोत आणि तिकडे निर्मल गावी तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझ्या निजामी कचेरीच्या फसली हिशेबात आज खुर्दाद महिना असेल की तीर लागला असेल ते तू जाण. आमच्याकडे नुसता वैशाख आहे आणि तो भाजून काढतो आहे.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पत्राचा कोपरा तपासला असशील. फाटका नाही. कुणी गेलेलं नाही, तेव्हा बसून सावकाश वाच. खरं तर वडीलभावाला 'आपण' लिहायला हवं, वहिनीही वाचतील. पण ज्याने मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली आणि 'क' वाकडा आला म्हणून कान पिळला, त्याला 'आपण' म्हणायला माझा हात धजत नाही.

यंदा कापूस बरा झाला. तांबड्या गाईला कालवड झाली. सासूबाईंचे गुडघे धरले आहेत, जीभ मात्र मोकळी आहे. ह्यांनी तंबाखू सोडली, म्हणजे माझ्यासमोर सोडली. नदीला पाणी इतकं कमी आहे की बायका चालत पैनगंगा ओलांडून पलीकडे पापड लाटायला जातात.

हे सगळं मी लिहीत सुटले आहे, कारण पुढचं लिहायचा धीर होत नाही. तर एकदाचं लिहून टाकते. सहा वर्षांपूर्वी माझ्या दारात, चारचौघांत, मी तुला म्हणाले होते, "तूच खाल्लं माह्या लेकराले." तू पाण्याचा तांब्याही न उचलता बैलांच्या दमणीत जाऊन बसलास. त्यानंतर तू आला नाहीस आणि मी बोलावलं नाही. ते वाक्य परत घ्यायला हे पत्र आहे. ते खोटं होतं, दादा. आणि बोलताना मला ठाऊक होतं की ते खोटं आहे.

इथेच पत्र फेकून देऊ नकोस. पुढे तुझ्या मुलीचं काम आहे.

आमच्या गावचे यशवंतराव पाटील मागच्या आठवड्यात तुझ्या कचेरीत आले होते. त्यांच्याकडून कळलं की तुला मुलगी आहे, तीन वर्षांची, आणि आईचंच नाव ठेवलंस, पद्मिनी. आनंदाने मी शेजारपाजारी गूळ वाटला. मग पाटील हळूच म्हणाले, की देवी टोचणारा तुमच्या गल्लीत आला की तू पोरीला घेऊन मागच्या परसात जातोस. "आमच्या घराण्याले ते सोसत नाई," म्हणतोस. दादा, तू म्हणतोस हे. ज्याने गावोगाव टोचणारे नेले तो. मी त्या दिवशी जेवले नाही.

आता त्या पौषातली गोष्ट सांगते. तुला वाटतं ती तुला माहीत आहे, पण तुला अर्धीच माहीत आहे.

तू मुन्शीजींना, त्या टोचणाऱ्याला, स्वतःच्या दमणीतून घेऊन आलास. उतरल्या उतरल्या म्हणालास, "पयले माह्या भाच्याले टोचा." आणि पाटलांशी बोलत चावडीत बसलास. मुन्शीजी घरोघर निघाले. इकडे सासूबाई मला म्हणाल्या, "एकुलतं एक लेकरू, देवीले काऊन डिवचता?" म्हणाल्या त्या, पण हात माझे होते. मी गोपाळला ज्वारीच्या कणगीत उतरवलं, तोंडात गुळाचा खडा दिला आणि वर झाकण लावलं. आमचा सालदार डोमाजी, त्याची बयना गोपाळएवढीच, पाच वर्षांची. तिला मी गोपाळचा अंगरखा घातला, लाल टोपी घातली आणि पुढे केलं. डोमाजी आमच्या घरचं खाणारा माणूस, तो नाही कसा म्हणणार. मुन्शीजींनी तिच्या दंडावर दोन जागी टोचलं आणि यादीत लिहिलं, गोपाळ वल्द महिपत. आत येऊन मी गोपाळच्या दंडाला चिंधी बांधली. तू ती चिंधी पाहिलीस आणि त्याची पाठ थोपटून म्हणालास, "शूर हाय गडी."

फाल्गुनात त्याला देवी आल्या. ज्या घरात देवी येतात तिथे रडायचं नसतं, देवी कोपते म्हणतात. मी नऊ दिवस रडले नाही. लिंबाच्या पाल्याने वारा घातला. नवव्या दिवशी त्याला मातीत ठेवून आले तरी रडले नाही, कारण तोवर रडणं कसं असतं ते विसरले होते.

आणि बयना? ती रोज त्याच्या खाटेजवळ बसायची, त्याच्याशी चिंचोके खेळायची. तिला साधा ताप आला नाही. गावाने काय हिशेब बसवला तो पाहा. लोक म्हणाले, टोचलेलं पोरगं गेलं आणि न टोचलेली पोरगी राहिली, म्हणजे टोचण्यानेच देवी कोपली. मी ते ऐकलं आणि गप्प बसले. मग तू आलास, आणि मी नुसती गप्पही बसले नाही.

त्यानंतर मुन्शीजींना गावाने वेशीवरून परत पाठवलं, दरवर्षी. तीन वर्षांपूर्वी देवी परत आल्या आणि चार लेकरं गेली. त्या चौघांच्या घरी मी समाचाराला गेले, दादा. त्यांच्या आयांच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही बोलले नाही.

बयना रोज सकाळी आमच्या अंगणात सडा घालायला येते. तिच्या दंडावरचे ते दोन वण मला बघवत नसत. म्हणून दर दिवाळीला मी तिला चोळी शिवून द्यायची, मनगटापर्यंत लांब बाह्यांची. गाव म्हणायचं, मथुराबाईचं मन किती मोठं, सालदाराच्या पोरीला सणाला नवी चोळी. मी ऐकून घ्यायची. अशा सहा चोळ्या शिवल्या मी.

ह्या पौषात मुन्शीजी पुन्हा आले. दाढी पिकली होती. नदीपलीकडच्या गावांत देवी आल्याची खबर होती, आणि तरी आमच्या गावात एक दार उघडेना. बायकांनी लेकरं लपवली. दोन दिवस तो माणूस चावडीपुढे बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पेटी आवरताना पाहिलं. सोनाबाई, माझी शेजारीण, पाण्याला जाताना हसून म्हणाली, "गेला एकदाचा. माहं पोट्टं दोन दिवस कापसात बसून खोकून राह्यलं."

तिच्या त्या हसण्यात मी स्वतःला पाहिलं. गुळाचा खडा देताना मीही अशीच हसले होते, गोपाळ घाबरू नये म्हणून.

मी घरी आले आणि बयनाला विचारलं. तिला न विचारता एकदा पुढे केलं होतं, पुन्हा करायचं नव्हतं. ती म्हणाली, "मले सारं आठवते, काकी. टोपी मले मोठी होत होती." सहा वर्षं ती पोर हे पोटात ठेवून माझ्या अंगणात सडा घालत होती. मी तिचा हात धरला आणि भर उन्हात चावडीवर गेले. पाटील होते, हे होते, सासूबाई ओट्यावर होत्या, विहिरीवरच्या बायका होत्या. मी बयनाची बाही खांद्यापर्यंत वर केली.

"आयका सारे. ह्या खुना माह्या गोपाळच्या नावाच्या हायत. गोपाळले टोचलंच नाई. म्या त्याले कणगीत लपवलं अन् ह्या पोरीले त्याची टोपी घालून पुढं केलं. जिले टोचलं ती तुमच्यासमोर उभी हाय. ज्याले लपवलं तो गेला. माह्या भावानं काई केलं नाई. ह्या मुन्शीजीनं काई केलं नाई. जे केलं ते म्या केलं."

ह्यांनी मान खाली घातली. डोमाजी हात जोडून उभा राहिला, जणू चूक त्याची. मग मुन्शीजी पेटीवर बसले आणि हळू म्हणाले, "बाई, छह साल से मैं सोचता रहा के वो बच्चा मेरे हाथ से गया." त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हा मला तू आठवलास. ज्याने गोपाळला कधी पाहिलंही नव्हतं त्याने सहा वर्षं हे ओझं वाहिलं, तर मामाने काय वाहिलं असेल.

सासूबाई उठल्या. गुडघे धरत धरत घरात गेल्या. मला वाटलं, आता दार लावून घेतील. त्या बाहेर आल्या तर कडेवर माझ्या दिराचा वर्षाचा मुलगा. सगळ्यांच्या मधून चालत मुन्शीजींपुढे जाऊन बसल्या. "सून खरं बोलून राह्यली," म्हणाल्या, "लपव म्हनून मीच म्हनलं होतं. पयले आमच्या घरचं टोचा."

त्यानंतरचा दिवस तू पाहायला हवा होतास. मी पुढे आणि मुन्शीजी मागे. कोणाचं लेकरू कुठे आहे ते मला कुणी सांगावं लागलं नाही, लपवणारीला लपवायच्या जागा कळतात. कणगीतून तीन काढली, गव्हाणीतून दोन, एक कडब्याच्या गंजीमागून. सोनाबाईचा कापसात शिंकला म्हणून सापडला, तो बाहेर आला तेव्हा म्हातारा होऊन आल्यासारखा पांढराफटक. बायका आधी माझ्यावर ओरडल्या, मग स्वतःच लेकरांचे हात धरून बसल्या. ज्या चार घरांतली लेकरं गेली होती त्यांतल्या एकीने मला दारात उभं केलं नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण तिने धाकटीला दुसऱ्या बाईबरोबर पाठवून दिलं. गावात त्रेचाळीस लेकरं. त्रेचाळीसही टोचली.

सगळं झाल्यावर मी कणगीला टेकून बसले आणि रडले. दुपार होती, गुरं रानात होती, आणि मी मोठ्याने रडले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्याही रडल्या. सहा वर्षांनी आमच्या घरात गोपाळसाठी कुणीतरी रडलं.

ह्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेतावरच जेवायचे. मी मनाची तयारी केली होती की मला माहेरी धाडतील, आणि माहेरी तर कुणी उरलं नव्हतं, एक तू होतास आणि तुला मी घालवलेला. नवव्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडी जुंपली आणि दारात येऊन म्हणाले, "चाल. मुन्शीजी तलमडुगूले चालले. तिथं कोनी दार उघडून नाई राह्यलं. तू बोलशील त उघडतीन." वाटेत दोन कोस झाल्यावर म्हणाले, "त्याले गूळ लय आवडे." एवढंच. मला तेवढं पुष्कळ झालं.

तेव्हापासून अकरा गावं केली. बयना बरोबर असते. तिने आता आखूड बाह्यांची चोळी मागून घेतली आहे, दंड दाखवायला सोपं जातं म्हणते. मी प्रत्येक गावात तीच गोष्ट सांगते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि दरवेळी दारं उघडतात. ज्या गोष्टीने मी मरत होते तीच सांगून लेकरं जगतात. ह्याहून जास्त मला देवाकडे मागायचं नाही.

ह्या फाल्गुनात देवी आल्या. आजूबाजूच्या तीन गावांत आल्या, आमच्या वेशीपर्यंत आल्या. मी रोज सकाळी घरोघर फिरून लेकरांची अंगं पाहायची, चैत्र संपेपर्यंत. त्रेचाळीसपैकी एकालाही फोड उठला नाही. चार दिवसांपूर्वी अक्षय तृतीयेला तीच त्रेचाळीस माझ्या अंगणात जेवली. इतका गोंधळ की सासूबाईंनी काठी उगारली आणि मग तीच काठी पोरांना घोडा करायला दिली.

तुला हे पौषातच लिहायला हवं होतं. भ्याले. गावापुढे बोलणं सोपं होतं, तुझ्यापुढे कठीण. पद्मिनीचं ऐकलं नसतं तर अजूनही भीतच बसले असते.

तेव्हा आता ऐक. सोबत मुन्शीजींची चिठ्ठी आहे, तुमच्याकडच्या टोचणाऱ्याच्या नावाने. तिला कडेवर घेऊन जा आणि तिचा हात तू स्वतः धर. रडेल, रडू दे. नेलं नाहीस तर मी आणि बयना गाडी जुंपून निर्मलला येऊ, आणि तुझ्या परसात सगळ्यांत आधी मीच शिरेन. मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते तू पाण्याचा तांब्या उचलशील तेव्हाचं तेव्हा पाहू.

फक्त एवढं वाच, आणि वहिनींनाही मोठ्याने वाचून दाखव. दादा, तू माझ्या लेकराला मारलं नाहीस. त्या पौषात सगळ्या गावात त्याला वाचवायला आलेला तू एकटा होतास.

तुझी बहीण मथुरा,
गोपाळची आई