समोरची पत्रावळ

मांजलपूर, बडोदे
१९ ऑगस्ट २०२५

ती. नलिनीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. ते कसं मिळालं याची इतिहासात नोंद व्हावी अशी माझी नम्र इच्छा आहे. आमच्या सोसायटीनं नवरात्रासाठी कुठून तरी स्वस्तात दोन जुने स्पीकर उचलले. एकेक उभ्या कपाटाएवढा. गरब्याला अजून महिना आहे, तोवर हे ठेवायचे कुठे, तर टपालपेट्यांच्या पुढ्यात. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की हवे टपाल कोने आवे छे, आता टपाल येतं कुणाला. मी हात वर केला, तर विश्वंभरभाईंनी थोडं ॲडजस्ट करावं असं ठरलं. बडोद्यात जन्मलो तेव्हापासून मी तेच करतो आहे. शेवटी कौशल्याची सांडशी घेतली, भिंत आणि स्पीकर यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तुझं कार्ड ओढून काढलं. दंड सोलवटला. कौशल्यानं सांडशी घासून घेतली, दंडाची चौकशी केली नाही.

आणि कार्डात मजकूर किती, तर कादंबरीचं बाड वाचलं, त्यावर तोंडी बोलणार नाही, कारण तोंडी वादात मी विनोद करून सुटतो. कशासाठी लिहिलं ते लिहून कळवावं. पाणीगेटहून इथे रिक्षा मिळते, फोन तर फुकट आहे. पण तू मोठी आहेस आणि वर खरंही बोलते आहेस, तेव्हा लिहितो.

यंदा मे महिन्यात टीव्हीवर लढाई सुरू झाली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेनापती उगवले. दुसऱ्या मजल्यावर चढताना ज्यांना जिन्यात टेकावं लागतं, ते सीमा ओलांडायला निघाले. पलीकडे माणसं नाहीतच, नुसते ठिपके आहेत, असा सगळ्यांचा सूर. आपलं घराणं चार पिढ्या फौजेतलं, संस्थानच्या पलटणीपासूनचं. दाजी कारगिलच्या लढाईत गेले. त्या घरात मीच एक असा निघालो की ज्यानं आयुष्यभर फक्त लोकांच्या टोप्या उडवल्या, आणि तेही दर रविवारच्या सदरात, मानधन घेऊन. म्हटलं, एकदा तरी काही सरळ लिहावं. म्हणून हा कडा, खाली आपला सुभेदार, वर त्यांचा हवालदार. एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं. शेवटी दोघंही राहत नाहीत.

आणि मग ते अखेरचं प्रकरण. आपल्या घरची रीत मी पुण्याच्या प्रकाशकांना फोनवर सांगितली. घातचतुर्दशीला, शस्त्रानं गेलेल्यांच्या श्राद्धाला, एक पत्रावळ आपल्या माणसाची आणि तिच्या समोर दुसरी, आपल्या माणसांच्या हातून जो गेला त्याची. त्या समोरच्या पत्रावळीत मीठ वाढायचं नाही, कारण तो त्याच्या मिठाला जागला, आपलं वाढून त्याला बांधायचं नाही. पणजोबांनी घातलेली रीत. कादंबरीत सुभेदाराची बायको ती समोरची पत्रावळ वाढते आणि पुस्तक संपतं. प्रकाशक म्हणतात, या एका प्रकरणावर पुस्तक उभं आहे.

त्यांना दिवाळीपूर्वी छापायचं आहे. तुझ्या होकाराशिवाय देणार नाही असं मी बोलून बसलो आहे. फुशारकी मारली आणि आता तुझ्या टपालाची वाट बघतो आहे.

कौशल्याचा नमस्कार, अवंतीला आशीर्वाद. लोभ आहे तो बाड वाचून आटला नसेल अशी आशा धरून,

तुझा
विश्वंभर


पाणीगेट, बडोदे
२५ ऑगस्ट २०२५

चि. विश्वंभर यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सांडशीचा परिच्छेद चांगला उतरला आहे, रविवारी वापरशीलच. दंडाला हळद लाव.

आता बाडाविषयी. तुझा सुभेदार रात्री चांदणं बघत बसतो. आमचे हे पाठ टेकली की घोरायचे, शेजारच्या घरात ऐकू जायचं. पत्त्यांत लबाडी करायचे आणि पकडले गेले की उलट आपल्यालाच खोटं पाडायचे. सुट्टीवर आले की दोन दिवस लाड आणि तिसऱ्या दिवसापासून घराची परेड. तुझ्या सुभेदाराच्या तोंडात एक शिवी नाही. ठीक आहे, मेलेल्या माणसाला धुऊनपुसून ठेवतात. पण वरचा तो हवालदारही तसाच. तो बासरी वाजवतो, आईच्या हातची रोटी आठवून रडतो, थंडीनं गारठलेल्या पाखराला छातीशी धरतो. दोघंही इतके भले, तर मग गोळी झाडली कुणी? वाचता वाचता मला वाटायला लागलं की लेखकानंच झाडली असावी.

हे मी हसून सोडून दिलं असतं. शेवटचं प्रकरण सोडता येत नाही.

विश्वंभर, मी समोरची पत्रावळ वाढत नाही. हे गेले त्या वर्षापासून नाही. दर घातचतुर्दशीला तू इथे जेवायला येतोस, खाली पंखा लावून बसतोस, दूधपाक दोनदा मागून घेतोस. वर गच्चीच्या कठड्यावर किती पत्रावळी आहेत हे बघायला तू कधी जिना चढला नाहीस. तेव्हा तुझा समज झाला त्यात नवल नाही.

पण बाड अवंतीनंही वाचलं. गोरव्याहून कामावरून आली, जेवली आणि वाचत बसली. तिला वडील आठवतात ते फोटोतले. समोरची पत्रावळ तिनं आपल्या घरात पाहिलेली नाही, तिला वाटलं ती लहान असताना मी वाढत असेन. माझ्या खोलीत येऊन म्हणाली की आई, तू एवढ्या मोठ्या मनाची आहेस हे मला कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे तिनं असं कधी बघितलं नव्हतं. मग मला सांगावं लागलं की तसं काही नाही, हे मामाच्या मनचं आहे. ती बरं म्हणाली, दिवा घालवून गेली. तिच्या चेहऱ्यावरचं ते उतरताना मी पाहिलं.

तू मला पुस्तकात उदार केलंस आणि माझ्याच घरात लहान. पुस्तक आलं की वाडीतले, नात्यातले, शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी, सगळे त्या बाईसाठी माझ्या पाया पडायला येतील. त्यांना प्रत्येकाला मी काय सांगू? हे प्रकरण मला मान्य नाही.

कौशल्याला म्हणावं, आमसुलं आणली आहेत, घेऊन जा. तब्येतीला जप. माया आहेच, ती कुठे जाते.

तुझी ताई
नलिनी


मांजलपूर, बडोदे
३१ ऑगस्ट २०२५

ती. नलिनीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कौशल्यानं विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, सुभेदार आणि हवालदार, दोघंही, पाठीत गोळी लागून.

बासरीबद्दल मी काही बोलत नाही. वरच्या माणसाला नाव द्यावं, गाव द्यावं एवढाच हेतू होता. देता देता बासरी कधी हातात आली ते कळलं नाही. द्वेष करणारे आळशी असतात हे मी सदरात अनेकदा लिहिलं आहे. प्रेम करणारेही तितकेच आळशी असू शकतात हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

पण ताई, प्रकरणाचं ऐक. ती बाई तू नाहीस. तिचं नाव वेगळं, गाव वेगळं, तिला मुलगा आहे, तुला मुलगी. ती गोरी आहे, तिला संधिवात नाही. कादंबरी लिहिणाऱ्यानं जर घरातल्या प्रत्येकाची सही घ्यायची ठरवली तर मराठीत फक्त पाककृती उरतील, आणि त्यावरही सासवा हरकत घेतील. प्रकाशकांना मी नुसतं चाचपून विचारलं की शेवट बदलला तर. ते म्हणाले, मग राहतं काय, दोन माणसं आणि थंडी. वाचकाला शेवटी हात ठेवायला काहीतरी लागतं म्हणे. त्यांच्या कचेरीतल्या दोघी ते पान वाचून रडल्या.

मी थकलो आहे. चार महिने झाले, दिवसा टोप्या उडवायच्या आणि पहाटे त्या कड्यावर चढायचं. सदराला काही लागत नाही, नुसता वैताग लागतो आणि तो आपल्याकडे मुबलक आहे. हे पुस्तक मात्र मला हवं आहे. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी असावी की जी वाचून कुणी हसणार नाही. त्या एका प्रकरणात ते साधलं आहे असं मला वाटतं.

तेव्हा असं करू. रीत थोडी बदलतो. पत्रावळीच्या जागी दिवा ठेवतो. हवं तर सगळंच कुटुंब उचलून कोकणात नेतो. तिथे तुला कुणी ओळखणार नाही. प्रकरण तेवढं राहू दे.

तुझा राग रास्त आहे हे कळतं. रागासकट लोभ असू द्यावा, नुसता राग मला सोसायचा नाही.

तुझा
विश्वंभर


पाणीगेट, बडोदे
७ सप्टेंबर २०२५

चि. विश्वंभर यास,
अ. उ. आ.

कोकणात नेऊ नकोस. तिथल्या बायकांनी तुझं काय घोडं मारलं आहे? आणि संधिवात काढून टाकल्याबद्दल आभार, गुडघ्यांना कळवते.

तुझं पत्र वाचून राग आला नाही, हेच मला बरं वाटलं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

हे गेले त्या वर्षी घातचतुर्दशीला मी सगळा स्वयंपाक केला. पहिली पत्रावळ वाढली. बाबा दुसरी हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही की काही बोलले नाही. त्यांनी ती पुन्हा गठ्ठ्यात ठेवली आणि खाली जाऊन जेवले. त्यानंतर ते होते तोवर दर वर्षी मला एकदा नजरेनं विचारायचे. पणजोबांची रीत त्यांनी माझ्यासाठी मोडली, आणि त्याचं त्यांना किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर विचारणारं कुणी राहिलं नाही. मी माझ्या माणसाची वाढते, कारण तो माझा. समोरची वाढणं हे मुळात घराण्याच्या मुलाचं काम, ते माझ्याकडे कधी नव्हतंच. हे तुला टोचायला लिहीत नाही. तुला माहीत नसावं म्हणून लिहिते.

आता तुझी ती बाई. लोक म्हणतील क्षमा केली. मी क्षमा केलेली नाही. पण क्षमा केली नाही असंही तू लिहू नकोस, कारण तेही खरं नाही. काही वर्षं इतका राग होता की उन्हात वाळत घातलेले पापड उलटतानाही मनात त्या माणसाशी भांडत असायचे. मग कधीतरी ते थांबलं. कधी ते सांगता येणार नाही. त्यालाही कुणी तरी मारलं असेल त्याच दिवशी, किंवा तो जिवंत असेल, नातवंडांना ओरडत असेल. मला त्याला माफ करायचं नाही आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. मला ते न ठरवता राहू दे. तेवढी एकच गोष्ट माझी म्हणून उरली आहे, आणि तू ती घेऊन तिचा शेवट केलास.

आणि त्याची बायको? तुझ्या पुस्तकात त्याला आई आहे, पाखरू आहे, बायको नाही. असली तर तिलाही विचारून घे. तिचंही ठरलं नसेल.

छापू नकोस असं म्हणत नाही. सुभेदाराला घोरू दे. हवालदाराला एखादी सणसणीत शिवी दे. आणि त्या पत्रावळीवरून माझा हात काढ. यात बसत असेल तर माझा होकार आहे. बसत नसेल तर तुझं तू बघ, बहीण म्हणून मी घातचतुर्दशीला दूधपाक तरीही करणारच आहे.

अवंती आता बरी बोलते. आपण एकमेकांचे आहोत हे धरून चालावं.

तुझी ताई
नलिनी


मांजलपूर, बडोदे
२१ सप्टेंबर २०२५

ती. नलिनीताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्याकडे जेवून आलो तरी हे लिहितो आहे, कारण जेवताना आपण दोघंही पुस्तकाविषयी बोललो नाही आणि ते बरं झालं.

बाड पुन्हा लिहून पाठवलं. सुभेदार आता घोरतो. पत्त्यांत लबाडी करतो, पकडला गेला की आरडाओरडा करतो, आणि वर चढायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं एका पोराचे पैसे असे लाटले आहेत की मला त्याचा राग आला. राग आल्यावर तो पहिल्यांदा दाजींसारखा दिसायला लागला. बासरी मोडून शेकोटीत घातली, पाखरू उडवून लावलं. हवालदार आता शिधा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सात पिढ्या काढतो, शेजाऱ्याचे मोजे चोरतो आणि नेम मात्र अचूक धरतो. गोळी तोच झाडतो. त्याला बायको दिली आहे. ती पुस्तकात एकदाच येते, दारात उभी राहते, आणि तिच्या मनात काय आहे ते मी लिहिलेलं नाही.

शेवटी सुभेदाराची बायको एक पत्रावळ वाढते, हात धुते आणि खाली जाते. समोरची जागा रिकामी आहे. तिथे पुस्तक संपतं.

प्रकाशकांचा फोन आला होता. म्हणाले की हे वाचून रडू येत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं, आणि बसून राहणारा वाचक दुसरी प्रत विकत घेत नाही. दिवाळीत नाही, पुढचं पुढे बघू, असं म्हणून ठेवला. बघू म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना कळतं. मला वाटलं होतं जास्त लागेल. सदर चालू आहे, येत्या रविवारी सेनापतींना गरबा खेळायला लावतो आहे.

काल मी उशिरा आलो तेव्हा तू विचारलंस, आणि मी लालबाग पुलावर गाड्या अडकल्याचं सांगितलं. पूल मोकळा होता. कौशल्यानं सकाळी उठून स्वयंपाक केला, वाटी-चमचे मांडून दिले. आमच्या गच्चीवर सोलरच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या कडेला थोडी सावली आहे. तिथे समोरची पत्रावळ वाढली. भात कुठे, वडे कुठे, काही कळत नव्हतं, सगळं मधोमध आलं. नाव माहीत नाही, म्हणून काही म्हटलं नाही. नुसतं पाणी फिरवलं आणि तुझ्याकडे निघालो.

पुस्तकात हे नाही आणि सदरातही यायचं नाही. कळवलं एवढ्यासाठी की तुझ्या कठड्यावर तू एकच वाढून खाली आलीस, तरी आता रीत मोडत नाही. दुसरी इकडे आहे.

दूधपाक काल जरा दाट झाला होता. तब्येत सांभाळ, आणि आजवर जसं मला सांभाळून घेतलंस तसं पुढेही घ्यावं.

तुझा
विश्वंभर