रिकामा पंजा

५ फेब्रुवारी, सोमवार
कोन गावच्या रस्त्यावरच्या जुन्या फर्निचरच्या गोदामात आज रुजू झालो. झकास वाटलं! चाळीस वर्षं मुंबईत लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या घासल्या, आता जुन्या इंग्रजी महोगनीला लाखेचं चपडा पॉलिश मारायचं. कंबर कधीच गेली, हात दुखतात. पण मालक भूपेशशेठ म्हणाले, सावकाश करा रघूकाका. मागे राहायला खोलीही दिली. रविवारी गणेशपुरीहून तुळजा सामान घेऊन येईल. जन्मभर बायको गावी आणि मी मुंबईत. आता तरी एकत्र जेवू. ही बाई अजून भेटली की आधी माझा हात धरते, चारचौघांतसुद्धा. मला मेल्यासारखं होतं, पण बरं वाटतं.

६ फेब्रुवारी
हात असलेली एक खुर्ची आहे, काय लाकूड! अडीचशे वर्षांचं, तरी अंगावर लाली. पायांना पक्ष्याचे पंजे, प्रत्येक पंजात लाकडी गोळा. शेठ सांगत होते, मूळ कल्पना म्हणे चीनची: ड्रॅगनने मोती धरलाय. इंग्रज सुतारांनी ती उचलली, ड्रॅगनचा गरुड केला आणि मोत्याचा साधा गोळा. पुढच्या उजव्या पंजात मात्र काळा दगड. झाडू मारणाऱ्या धोंडूबाईंनी तो अकलोलीच्या गरम कुंडातून आणून बसवलाय. म्हणाल्या, "पंजा रिकामा ठेवू नको रं भाऊ. धरायची सवय हाय त्याला. दगड मरत न्हाय, म्हून दगड दिलाय." मी हसलो.

७ फेब्रुवारी
दगड काढला. एवढ्या देखण्या खुर्चीला धोंडा? कारागिराची लाज जाते. सागाचा गोळा कोरून बसवला, अगदी चपखल. दगड भंगाराच्या गोणीत टाकला, दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो घेऊन गेला. धोंडूबाईंनी रिकामी गोणी पाहिली, झाडू ठेवला आणि घरी गेल्या.

८ फेब्रुवारी
सकाळी गोळ्याचा भुगा. वाळवी असेल म्हटलं, तर कुठे छिद्र नाही. पंजाची नखं बोटभर आत वळलीत. लाकूड आक्रसतं, मान्य. पण इतकं? शिसवीचा गोळा बसवला. फार दमलोय.

९ फेब्रुवारी
शिसवीचाही भुगा. शेठ सुरतेला. धोंडूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता दुसरा दगड चालायचा न्हाय. ज्यानं काढला त्यालाच धरील, निघून जा. निघून जाऊ कुठे? खोली सोडली तर तुळजाला कुठे ठेवू? मला आता पुन्हा काम शोधायचं त्राण नाही.

१०, शनिवार
दुपारी खुर्चीपाशी टेकलो, डोळा लागला. जागा झालो तर उजवा हात पंजात. वही खिशात होती, डाव्या हाताने लिहितोय. कोरायची पटाशी लांब, फोन खोलीत. ओरडलो. शेजारी कापडाचे लूम चालू, कोण ऐकतंय —

११, रविवार
हात दुखत नाही. त्याचीच भीती वाटते. बोटं लाल, त्यांवर लाकडाच्या रेषा — मनगटापर्यंत —

हात सुटला. आपोआप. मी उठू शकत नाही, पाय जड. उजव्या हाताला आता पंजाची नखं आहेत. मूठ सारखी वळते — काहीतरी धरायला —

बाहेर टेम्पो थांबला. तुळजाचा आवाज. दाराला आतून कडी नाही. देवा, हसतेय ती —

डावाही वळतोय — पेन तडकलं —

तुळजा, माझा हात धरू न